बायकोसाठी कॅरी गन घ्यायचीय? आधी तिचा हात बघा (टेक्सासमधल्या मराठी जोडप्यांसाठी स्टेप बाय स्टेप)

ग्रीन कार्ड किंवा सिटिझनशिप झाली की आमच्या ओळखीतल्या बऱ्याच नवऱ्यांना अचानक एक प्रश्न पडतो, "बायकोसाठी छोटीशी गन घ्यायचीय, कुठली घेऊ?" आणि मग मला फोन येतो, कारण मी डॅलसच्या उत्तरेला घरं विकते, रिकाम्या घरात अनोळखी माणसाबरोबर एकटीने जावं लागतं आणि मी कॅरी करते (म्हणजे गन अंगावर बाळगून फिरते) हे सगळ्यांना माहितीये. तर एकदाच सगळं लिहून टाकते, म्हणजे परत परत सांगायला नको.

पहिलीच गोष्ट, जी नवरे लोकांना आवडत नाही: तुम्ही निवडायची नाही. तुम्ही माहिती काढा, गाडी चालवा, रेंजचे (नेमबाजीच्या जागेचे) पैसे भरा, मुलांना सांभाळा. गन ती निवडणार, कारण झटका तिच्या मनगटाला बसणार आहे आणि कमरेला ती बांधणार आहे. सरप्राइज गिफ्ट म्हणून आणलेली गन बहुतेक वेळा कपाटात पडून राहते. (नवऱ्यासाठी घेणाऱ्या बायकांनाही हेच लागू, फक्त त्यांचे फोन मला येत नाहीत.)

सगळं टेक्सासच्या हिशोबाने लिहिलंय. दुसऱ्या स्टेटमध्ये असाल तर निवडायचा भाग तोच, कायद्याचा वेगळा. आणि मी वकील नाही.

१. आधी ठरवा की गन घ्यायचीच आहे का

हे मी औपचारिकता म्हणून सांगत नाहीये. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी डिप्रेशनमधून जात असेल, डिलिव्हरीनंतरचे दिवस जड जात असतील, कोणाचं पिणं हाताबाहेर गेलं असेल, नवराबायकोत हात उगारण्यापर्यंत गोष्ट गेली असेल, तर आत्ता गन आणू नका. पेपर स्प्रे घ्या, दारं मजबूत करा, कॅमेरे लावा. ९८८ हा मानसिक त्रासासाठीचा चोवीस तासांचा नंबर आहे, तो फोनमध्ये सेव्ह करून ठेवा.

आणि मुख्य म्हणजे तिला स्वतःला हवीये का? "हे म्हणतात म्हणून" असं उत्तर आलं तर तिथेच थांबा.

२. व्हिसा स्टेटस: इथे आपली माणसं सगळ्यात जास्त अडकतात

एच-वन, एच-फोर, एफ-वन, एल-वन, बी-टू अशा नॉन-इमिग्रंट व्हिसावर इथे आलेल्यांना गन आणि गोळ्या जवळ बाळगायला फेडरल कायद्याने बंदी आहे. नुसती विकत घ्यायला नाही, बाळगायलासुद्धा. शिकारीच्या लायसन्ससारखे काही अपवाद आहेत, पण त्या फटीतून घुसायच्या आधी इमिग्रेशन वकिलाशी बोला, कारण इथे चुकलात तर जेल आणि डिपोर्टेशन दोन्ही समोर उभं राहतं.

ग्रीन कार्डवाल्यांना घेता येते. पण पेंडिंग म्हणजे ग्रीन कार्ड नव्हे! नवरा सिटिझन, बायको लग्न होऊन आलेली, फाइल चालू, हातात नुसतं वर्क परमिट, अशी जोडपी खूप आहेत. कार्ड हातात येऊ दे, मग बघू. आणि "चल ना रेंजवर, दोन गोळ्या मारून बघ" म्हणून एच-वनवाल्या मित्राला नेऊ नका, रेंजवर भाड्याची गन हातात धरली तरी ती बाळगण्यातच मोडते. सहा महिन्यांसाठी आलेले आईबाबा बी-टूवर असतात, तेव्हा "आई, ती बॅग जरा आत ठेव" हेसुद्धा नको.

गांजाचंही सांगून टाकते. काही स्टेट्समध्ये तो दुकानात मिळतो, पण गन विकत घेताना भरायच्या फेडरल फॉर्मवर तुम्ही तो वापरता का असं विचारतात आणि स्टेटने परवानगी दिली असली तरी फरक पडत नाही अशी सूचना तिथेच छापलेली असते.

३. स्टेटचा कायदा, थोडक्यात

टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून २१ वर्षं पूर्ण असलेल्या आणि कायद्याने गन बाळगायला पात्र असलेल्या माणसाला परवान्याशिवाय हँडगन कॅरी करता येते. तरी तिला एलटीसी, म्हणजे लायसन्स टू कॅरी, काढायला लावाच. फी ४० डॉलर, चार ते सहा तासांचा क्लास, लेखी परीक्षा आणि रेंजवर ५० गोळ्यांची टेस्ट: ३ यार्डवरून २०, ७ यार्डवरून २०, १५ यार्डवरून १०. २५० पैकी १७५ मार्क हवेत. फार अवघड नाही. फायदा असा की दुसऱ्या बऱ्याच स्टेट्स हे लायसन्स मानतात, आणि शाळेच्या आजूबाजूच्या हजार फुटांत गन नको असा जो फेडरल नियम आहे त्यातून स्टेटच्या लायसन्सवाल्यांना सूट मिळते. विना लायसन्स रोज मुलांना सोडायला जाणाऱ्या आईला हा मुद्दा लागतोच. शाळेच्या इमारतीत मात्र लायसन्स असलं तरी नाहीच.

न्यू जर्सी, न्यूयॉर्क, कॅलिफोर्नियावाल्यांनो, तुमचं प्रकरण वेगळं. सुप्रीम कोर्टाच्या २०२२ च्या ब्रुएन निकालानंतर कॅरी परमिट मिळणं आधीपेक्षा शक्य झालंय, पण न्यू जर्सीत प्रत्येक हँडगन विकत घ्यायला आधी परमिट लागतं, मॅगझिन (गनमध्ये बसणारी गोळ्यांची डबी) १० गोळ्यांपर्यंतच, आणि कॅलिफोर्नियात दुकानात फक्त स्टेटच्या यादीत बसणारी मॉडेल्स मिळतात आणि वर दहा दिवस थांबावं लागतं. खाली मी जी नावं घेते त्यातली काही तुम्हाला मिळणारच नाहीत.

४. क्लास आधी, दुकान नंतर

सगळे उलटं करतात. गन घेतात आणि मग शिकायला जातात. क्लास आधी केला की दुकानात काय विचारायचं ते कळतं, आणि कदाचित हेही कळतं की आपल्याला नकोच आहे.

नवऱ्याकडून शिकू नका. गाडी शिकताना काय झालं होतं ते आठवा. बाहेरचा इन्स्ट्रक्टर घ्या, बाई मिळाली तर उत्तम, कारण कुर्त्याखाली होल्स्टर (गन ठेवायचं म्यान) कसं बसवायचं हे पुरुष इन्स्ट्रक्टरला बहुधा माहीत नसतं. चार नियम तिथे पहिल्या दिवशी शिकवतील, पण घरून पाठ करून जा:

- प्रत्येक गन भरलेली आहे असंच समजायचं.
- जे उडवायचं नाही त्याच्याकडे नळी वळवायची नाही.
- नेम धरून मारायचं पक्कं होईपर्यंत बोट ट्रिगरवर जाता कामा नये.
- समोर काय आहे आणि त्याच्या मागे काय आहे हे बघायचं.

दिवस गेले असतील किंवा बाळ अंगावर पीत असेल तर रेंजवर जायच्या आधी डॉक्टरांशी बोला. इनडोअर रेंजच्या हवेत शिसं असतं, आवाजही भयंकर. बाकीच्यांनीसुद्धा घरी आल्यावर साबणाने हात धुवायचे, कपडे वेगळे टाकायचे, आणि मगच बाळाला घ्यायचं.

५. हातात धरून बघणे (इथे वेळ घालवा)

दुकानात गेल्यावर काउंटरवाला नवऱ्याशी बोलायला लागेल. हे होतंच. नवऱ्याने दोन पावलं मागे सरकायचं. मग तो बाईला एक छोटी गुलाबी किंवा जांभळी रिव्हॉल्वर दाखवेल, "लेडीज लव्ह धिस" म्हणेल. हसायचं आणि परत द्यायची.

रिव्हॉल्वर वाईट नाही, पण नवशिक्याला ती सोपी नसते. स्मिथ अँड वेसन ६४२ सारखी छोटी पाच गोळ्यांची रिव्हॉल्वर वजनाला हलकी, म्हणून झटका जास्त, ट्रिगर जवळपास १२ पौंडांचा, म्हणून बोट थरथरतं, आणि नळी इतकी आखूड की नेम चुकला की खूपच चुकतो. ज्यांना संधिवातामुळे स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) ओढताच येत नाही त्यांच्यासाठी तिचा विचार जरूर करा, त्यातही रुगर एलसीआरचा ट्रिगर जरा मऊ वाटतो. पण "छोटी बाई, छोटी गन" हे गणित चुकीचं आहे. गन जितकी छोटी आणि हलकी, तितकी हातात जास्त उसळते.

आता बघायचं काय. आधी काउंटरवाल्याकडून आणि मग स्वतः, चेंबर (नळीच्या मागची, गोळी बसायची जागा) रिकामं आहे हे डोळ्यांनी आणि बोटाने तपासायचं. मग:

पकड. अंगठा आणि तर्जनीच्या मधली खोबण गनच्या मागच्या बाजूला शक्य तितकी वर बसली पाहिजे. नळी आणि कोपरापर्यंतचा हात एका रेषेत आले पाहिजेत. ट्रिगरपर्यंत बोट पोचवण्यासाठी मनगट फिरवावं लागत असेल तर ती गन तिच्या हाताला मोठी आहे, कितीही आवडली तरी. करंगळी हवेत लोंबत असेल तर पकड कमी पडेल, पण ते मॅगझिनचा तळ लांबवून सुधारता येतं.

ट्रिगर. बोटाचं टोक नाही, पहिल्या पेराचा गुबगुबीत भाग ट्रिगरवर आला पाहिजे. ड्राय फायर (रिकाम्या गनचा ट्रिगर दाबणे) करून बघू का असं विचारा, बहुतेक दुकानं हो म्हणतात, नाही म्हणाले तर मान ठेवा.

स्लाइड. "माझ्याने ओढली जात नाही" असं नव्वद टक्के बायका पहिल्यांदा म्हणतात, (आकडा माझ्या डोळ्यांचा, मोजलेला नाही) आणि त्यातल्या बहुतेकींना जोर कमी नसतो, पद्धत माहीत नसते. दोन बोटांच्या चिमटीत धरून ओढायची नाही. गन छातीजवळ घ्यायची, नळी सुरक्षित दिशेला, बोट ट्रिगरच्या बाहेर, डाव्या हाताचा पूर्ण तळवा स्लाइडवर घट्ट, आणि मग डाव्याने मागे ओढण्यापेक्षा उजव्याने गन पुढे ढकलायची. दहा वेळा करून बघा. तरी नाहीच जमलं तर सोप्या स्लाइडच्या गन मिळतात, खाली सांगते.

मॅगझिन भरणे. हे दुकानात कोणी करून बघत नाही आणि मग रेंजवर अंगठे सोलून निघतात. त्यावर उपाय सोपा, मॅगझिन लोडर घ्या, अपलूला नावाचा प्लास्टिकचा लोडर बहुतेक ठिकाणी मिळतो.

मॅगझिन सोडायचं बटण आणि स्लाइड अडकवायचा खटका तिच्या अंगठ्याला पोचतो का तेही बघा. डावखुरी असेल तर बटण दुसऱ्या बाजूला करता येतं का ते विचारा.

६. कॅलिबर आणि साइज

कॅलिबर म्हणजे गोळीचं माप, त्यावर फार वाद घालू नका. ९ एमएम घ्या. गोळ्या सगळीकडे मिळतात, त्यातल्या त्यात स्वस्त, निवड भरपूर, आणि एफबीआयसुद्धा .४० वरून परत ९ एमएमवर आली. .३८० एसीपी थोडी कमी ताकदीची पण झटका कमी, हाताला त्रास असेल तर चालेल. मात्र रुगर एलसीपीसारख्या खिशातल्या पावणेतीनशे ग्रॅमच्या गनमधून .३८० मारली तर तीसुद्धा चावते, म्हणजे नुसत्या कॅलिबरवर जाऊ नका, कुठल्या वजनाच्या गनमधून मारताय ते बघा.

७. रेंजवर भाड्याने मारून बघा

मोठ्या इनडोअर रेंजवर थोडे पैसे भरले की एकामागून एक गन बदलून मारता येतात. ह्यात कंजूषपणा करू नका. ह्या काही गन बघाच:

सिग पी३६५. २०१८ ला आली आणि छोट्या गनच्या बाजाराची गणितं बदलली, कारण एवढ्याशा साइजमध्ये १० गोळ्या बसवल्या. अर्धा किलोच्या आसपास. ग्रिपचा सांगाडा बदलता येतो, त्यामुळे लहान हाताला जमते. हिचीच थोडी लांब बहीण एक्सएल, मारायला जास्त आरामशीर.

ग्लॉक ४३एक्स. बारीक, १० गोळ्या, ग्रिप पूर्ण हाताची. साधी, कंटाळवाणी, चालत राहते. ह्या कामाला कंटाळवाणी गनच बरी. एक लक्षात ठेवा, ग्लॉक साफ करायला उघडताना ट्रिगर दाबावा लागतो, म्हणून चेंबर रिकामं आहे हे दोनदा बघितल्याशिवाय उघडायची नाही. ह्यातच लोकांनी भिंतींना भोकं पाडलीयेत.

ग्लॉक १९. १५ गोळ्या, मॅगझिनसकट पावणेसातशे ग्रॅम. लपवायला जड जाते पण मारायला खूप सोपी. मोठा हात असेल, ब्लेझर घालून काम असेल तर बघा.

स्मिथ अँड वेसन शील्ड प्लस. २०२१ ची, १० आणि १३ गोळ्यांची मॅगझिन्स, ट्रिगर चांगला.

शील्ड ईझेड. स्लाइड ओढायला खरंच सोपी, आधी .३८० मध्ये आली, मग २०२० ला ९ एमएममध्ये. ग्रिपच्या मागे एक सेफ्टी आहे, ती हातात नीट दाबली गेली तरच गन चालते, म्हणून पकड ढिली असणाऱ्यांनी आधी मारून बघा. २०२० मध्ये बनलेल्या काही ९ एमएम ईझेड हॅमरच्या दोषामुळे कंपनीने परत मागवल्या होत्या, त्यामुळे सेकंडहँड घेताय तर सीरियल नंबर कंपनीच्या साइटवर टाकून बघा. खरं तर कुठलीही सेकंडहँड गन घेताना हे कराच.

वॉल्थर पीडीपी एफ. २०२२ ची, बायकांच्या हातांचा विचार करून बनवलेली: ट्रिगर जवळ, स्लाइडला जोर कमी. आणि ह्यासाठी तिला गुलाबी रंग द्यावा लागला नाही! पण ती जाडीला बाकीच्यांपेक्षा जास्त आहे, लपवताना जाणवतं.

प्रत्येकीतून निदान ५० गोळ्या मारू दे. पहिल्या दहा गोळ्यांत सगळ्याच गन छान वाटतात, खरं काय ते चाळिसाव्या गोळीला हात दुखायला लागला की कळतं. नवऱ्याने मागे उभं राहून "कोपर सरळ कर" म्हणायचं नाही. तिने नंतर सांगायचं: कुठल्या गनने परत मारावंसं वाटलं? माझ्या मते निवड इथेच होते, पेपरवरच्या भोकांपेक्षा ह्या उत्तराला जास्त किंमत द्या. जी मारायला आवडत नाही तिचा सराव होत नाही, आणि सराव नसलेल्या माणसाच्या हातात भारी गन असून उपयोग काय.

८. विकत घेताना: कागद आणि एक मोठा सापळा

न्यायचे कागद:

- सध्याच्या पत्त्याचं टेक्सास ड्रायव्हर लायसन्स किंवा स्टेट आयडी. घर बदललंय आणि लायसन्सवर जुना पत्ता असेल तर आधी तो बदला.
- सिटिझन नसेल तर ग्रीन कार्ड, त्यावरचा नंबर फॉर्मवर लागतो.
- एलटीसी झालं असेल तर ते.
- सोशल सिक्युरिटी नंबर देणं ऐच्छिक असतं, पण द्या, सारख्या नावाच्या दुसऱ्या माणसाशी घोळ व्हायची शक्यता कमी होते.

आपल्याकडचा खास घोळ म्हणजे नाव. लग्नाआधी मधलं नाव वडिलांचं, नंतर नवऱ्याचं, पासपोर्टवर एक, लायसन्सवर दुसरं, ग्रीन कार्डवर मधलं नाव आडनावात चिकटवलेलं. फॉर्म ४४७३ वर पूर्ण कायदेशीर नाव लिहायचं असतं आणि बॅकग्राउंड चेक त्याच नावावर होतो. लायसन्स आणि ग्रीन कार्डवरची नावं जुळत नसतील तर दुकानात जायच्या आधी दुरुस्त करून घ्या. उत्तर तीनपैकी एक येतं: प्रोसीड, डिले किंवा डिनाय. डिले आला म्हणून घाबरू नका, थांबायचं, दुकानवाला फोन करतो.

आता सापळा. फॉर्मवर विचारतात की खरे खरेदीदार तुम्हीच का. तिने पैसे दिले आणि नवऱ्याने स्वतःच्या नावावर तिच्यासाठी घेतली, तर ते उत्तर खोटं ठरू शकतं, ह्याला स्ट्रॉ परचेस म्हणतात. एका माजी पोलिसाने काकांकडून चेक घेऊन पोलिस डिस्काउंटवर त्यांच्यासाठी ग्लॉक १९ घेतली होती, काकांना गन घ्यायला कसलीही बंदी नव्हती, तरी २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने त्याची शिक्षा कायम ठेवली. अब्राम्स्की केस म्हणतात तिला. आणि जिला बंदी आहे अशा व्यक्तीसाठी, म्हणजे समजा एच-फोरवरच्या बायकोसाठी, घेतली तर २०२२ च्या कायद्याने १५ वर्षांपर्यंत कैद आहे. स्वतःच्या पैशांनी खरीखुरी भेट देणं कायदेशीर आहे, पण इतका विचार करण्यापेक्षा सरळ तिने काउंटरवर जावं, तिने फॉर्म भरावा, तिच्या कार्डने पैसे द्यावेत. संपलं.

बजेट: वरच्यातल्या बऱ्याच गन ४०० ते ६०० डॉलरमध्ये येतात. सगळे पैसे गनवर उडवू नका, होल्स्टर, कुलूपबंद पेटी, कानाचे मफ्स, चष्मा, दोन जास्तीची मॅगझिन्स आणि सरावाच्या गोळ्या धरून जवळपास तेवढेच अजून लागतात.

९. भरवसा बसेपर्यंत कॅरी नाही

नव्या गनमधून किमान २०० सरावाच्या आणि ५० कॅरीच्या गोळ्या मारा. सरावाला साध्या एफएमजे (पूर्ण धातूच्या कवचाच्या), कॅरीला हॉलो पॉइंट (टोकाला पोकळी असलेल्या), उदाहरणार्थ फेडरल एचएसटी किंवा स्पीअर गोल्ड डॉट. हॉलो पॉइंट शरीरात फुलते म्हणून आरपार जाऊन मागच्याला लागायची शक्यता कमी होते. ती महाग असते, तरी आपल्या गनमध्ये ती न अडकता चालते का हे मारूनच कळतं.

मॅगझिनवर मार्करने १, २, ३ लिहा. गन अडकली की कुठल्या मॅगझिनला अडकली ते लिहून ठेवा. एकाच मॅगझिनला परत परत अडकत असेल तर दोष मॅगझिनचा, बदलून घ्या. सगळ्यांना अडकत असेल तर गोळ्यांचा ब्रँड बदला, तेल घाला. तिच्या हातात अडकते आणि इन्स्ट्रक्टरच्या हातात नाही, तर मनगट ढिलं पडतंय, छोट्या हलक्या गनना घट्ट मनगट लागतंच. ते शिकून सुधारतं, पण महिनाभर सराव करूनही त्या गनने सुधारत नसेल तर थोडी जड गन घ्या, हट्ट करू नका. आणि सगळं करून अडकत राहिली तर कंपनीला परत पाठवा. "ब्रेक-इन होईल हळूहळू" म्हणत ती कॅरी करायची नाही.

१०. होल्स्टर आणि कपडे

ह्यावर पुरुषांनी लिहिलेलं सगळं जीन्स आणि जाड बेल्ट धरून लिहिलेलं असतं. आपण कुर्ता आणि लेगिंग घालतो. लेगिंगला बेल्ट नाही, तिथे क्लिप अडकवली तर गन लोंबते आणि बाथरूममध्ये जमिनीवर पडते. पर्याय दोन: कमरेला आतून वेगळा पट्टा बांधायचा आणि त्यावर कडक होल्स्टर बसवायचं, किंवा बेली बँड (पोटाभोवती गुंडाळायचा रुंद पट्टा). बेली बँड घेताना ट्रिगरचा भाग कडक कवचाने पूर्ण झाकलेला आहे ना ते बघा, नुसतं इलॅस्टिकचं कापड असलेले घेऊ नका.

होल्स्टर कायडेक्स नावाच्या कडक प्लास्टिकचं, त्याच मॉडेलसाठी बनवलेलं, ट्रिगर पूर्ण झाकणारं, आणि उलटं करून हलवलं तरी रिकामी गन पडता कामा नये. गन परत आत घालताना घाई नाही, कुर्त्याचं टोक किंवा ओढणी आत गेली आणि ट्रिगरला अडकली तर गोळी सुटते. ओढणीच्या दिवशी मी होल्स्टरसकटच गन काढते आणि घालते. साडीवर मी कॅरी करत नाही. निऱ्यांच्या आत हात घालून गन काढता येईल असा कोणाचा दावा असेल तर करून दाखवावा.

पर्स. सगळ्यात आधी हाच पर्याय सुचतो आणि मी सगळ्यात शेवटचा म्हणेन. पर्स हिसकावली की गन गेली. पर्स आपण ट्रॉलीत ठेवतो, सोफ्यावर टाकतो, लेक त्यात बिस्किटं शोधते. डिसेंबर २०१४ मध्ये आयडाहोमधल्या हेडन गावी वॉलमार्टमध्ये दोन वर्षांच्या मुलाने आईच्या पर्समधली गन काढली, गोळी सुटली आणि आई जागीच गेली. पर्स खास गन ठेवायच्या कप्प्याची होती. घरात लहान मूल असेल तर पर्स नाही, ह्यावर माझी चर्चेची तयारी नाही.

घरी रिकाम्या गनने होल्स्टरसकट वावरून बघा: वाकून चपला घाला, गाडीत बसा, मुलाला उचला. टोचत असेल तर आधी होल्स्टरची जागा बदला, गन नंतर.

११. घरी

अंगावर नसेल तेव्हा पेटीत, कुलूप लावून. कपाटावर वरती, गादीखाली, देवघराच्या मागे, ह्या जागा मुलांना तुमच्या आधी माहीत असतात. बेडजवळ बटणांच्या कोडची पेटी बसवा, भिंतीला किंवा पलंगाला बोल्ट केलेली. टेक्सासमध्ये १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेली गन निष्काळजीपणे लागू दिली तर तो गुन्हा आहे. रोज चेंबरमधली गोळी काढून परत घालायची सवयही नको, तीच गोळी वारंवार चेंबरमध्ये आपटली की आत दबत जाते. होल्स्टरसकट भरलेलीच पेटीत ठेवली की हाताळणी कमी होते. आणि गाडीच्या ग्लव्ह बॉक्समध्ये रात्रभर ठेवू नका, चोरांना तोच कप्पा आधी आठवतो.

१२. बाहेर आणि प्रवासात

शाळा, कोर्ट, पोस्ट ऑफिस आणि एअरपोर्टची सिक्युरिटी ओलांडल्यावर गन चालत नाही. लाल ५१ टक्क्यांची पाटी असलेल्या (म्हणजे निम्म्याहून जास्त कमाई दारूतून होणाऱ्या) बारमध्येही नाही. दुकानाच्या दारावर ३०.०६ ची पाटी असेल तर लायसन्सवाल्यालाही लपवून नेता येत नाही. मंदिरांनी काय पाटी लावलीये ते दारातच वाचा. गणपतीचा कार्यक्रम शाळेच्या हॉलमध्ये असतो, हे विसरू नका! पोलिसाने गाडी थांबवली तर हात स्टिअरिंगवर, आयडी मागितला की एलटीसीसुद्धा द्यायचं, आणि गन कुठे आहे ते शांतपणे सांगायचं, तिकडे हात न नेता.

एडिसनला बहिणीकडे गाडीने निघालात तर टेक्सासचं लायसन्स न्यू जर्सीत चालत नाही, हॉलो पॉइंटवरही तिथे कडक बंधनं आहेत. घरी ठेवून जा. अमेरिकेतल्या अमेरिकेत विमानाने न्यायची तर रिकामी, कडक पेटीत, कुलूप लावून, चेक-इन बॅगेत, आणि काउंटरवर सांगून.

भारतात जाताना गन नेण्याचा प्रश्नच नाही, पण गोळी चुकून जाते. रेंजची बॅग तीच विकेंडची बॅग, तीच मग केबिन बॅग होते, आणि अस्तराच्या फटीत एक काडतूस राहतं. मुंबई किंवा दिल्लीच्या एअरपोर्टवर एक्स-रेमध्ये ते दिसलं की १९५९ च्या आर्म्स ॲक्टखाली पोलिस केस होते, "अमेरिकेत लायसन्स आहे" हे तिथे कोणी ऐकत नाही. रेंजसाठी वेगळी बॅग ठेवा, भडक रंगाची, आणि ती दुसऱ्या कशालाही वापरू नका. इंडियाला निघायच्या आदल्या रात्री बाकीच्या बॅगांचे सगळे कप्पे उलटे करून झटका, मुलांच्या बॅगांचेसुद्धा.